डॉन, डेब्रेक आणि डोक्यात पडणारा उजेड

शिकवणीवाली:
दहावी-बारावीच्या मुलांची इंग्रजीची शिकवणी घेते. उताऱ्यात 'इट डॉन्ड ऑन हिम' असं वाक्य आलं आणि निम्म्या वर्गाने 'त्याच्यावर पहाट झाली' असं लिहून दिलं. एका बहाद्दराने 'त्याला पहाटे पहाटे समजलं' असं लिहिलंय. त्याला अर्धा मार्क द्यायचा मोह होतोय.

मग मी त्या शब्दाच्याच मागे लागले. आपल्याला वाटतं 'डॉन' म्हणजे पहाट हे नाम आधीचं आणि क्रियापद नंतरचं. प्रत्यक्षात उलटं आहे. जुन्या इंग्रजीत 'डागिअन' हे क्रियापद होतं, 'डे'च्याच घरातलं. अर्थ सरळ: दिवस होणे, उजाडणे. त्यानंतर 'डॉनिंग' आलं. त्याला व्हायकिंगांच्या भाषेचा हात लागला असावा असं कोशकार मानतात, कारण डॅनिश आणि स्वीडिशमध्येही 'डाग्निंग' असा शब्द आहे. नुसतं 'डॉन' हे नाम सापडतं ते थेट सोळाव्या शतकाच्या अखेरीला, शेक्सपिअरच्या काळात. 'डेब्रेक' त्याच्यापेक्षा वयाने थोरला. आणि 'माझ्या लक्षात आलं' या अर्थाचं 'इट डॉन्ड ऑन मी' तर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरचं, म्हणजे आपल्याकडे बोरीबंदर-ठाणे गाडी धावली त्या सुमाराचं.

पहाटेचे आणि कळण्या-उमगण्याचे असे इंग्रजी शब्द, त्यांच्या पोटात काय दडलंय आणि मराठीत तिथे तुम्ही काय म्हणाल, ते इथे लिहा. कोशातले अर्थ उतरवून देऊ नका, कोश माझ्याकडेही आहे.

नानबा:
पहिला!
सनराइज, सनअप. सनअप अमेरिकन, सनडाउनला जोडी म्हणून केलेला. बाकी पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

वाचनवेडी:
मस्त धागा ताई. 'क्रॅक ऑफ डॉन' राहिला. क्रॅक म्हणजे भेग की कडाड् आवाज? मला कायम काळ्या आभाळाला बारीक चीर पडून त्यातून उजेड येतोय असं दिसतं.

शिकवणीवाली:
@वाचनवेडी, चित्र छान आहे, पण इथे क्रॅक म्हणजे बहुधा क्षण. चाबूक कडाडायला लागतो तेवढा वेळ. 'इन अ क्रॅक' म्हणजे क्षणात, तसं. 'डेब्रेक'मधला ब्रेक मात्र फुटण्याचाच.

कोकणकडा:
मग तो आपलाच की. तांबडं फुटलं, पहाट फुटली. आमच्याकडे कोंब फुटतो, घाम फुटतो, वाचा फुटते, बिंग फुटतं आणि दरवर्षी मार्च महिन्यात पेपर फुटतो. इंग्रजांचीसुद्धा न्यूज ब्रेकच होते. अंधारात झाकलेलं काहीतरी बाहेर आलं की दोन्हीकडे ते फुटतंच.

ट्रॅफिकजाम:
महाराष्ट्रात पहाटेची व्याख्या २३ नोव्हेंबर २०१९ ला बदलली. राष्ट्रपती राजवट उठली ५.४७ ला, ती खरी पहाट. शपथविधी झाला आठच्या सुमाराला. तेव्हा मुंबईत सूर्य उगवून तास होऊन गेला होता. तरी नाव पडलं 'पहाटेचा शपथविधी'. बऱ्याच जणांच्या डोक्यात मात्र त्यानंतर उजाडलं. दिवे घ्या.

संपादक:
राजकारण या धाग्यावर नको. शब्दांवर बोला.

ट्रॅफिकजाम:
शब्दावरच बोललो की हो.

खगोलवेडा:
व्याख्येचा विषय निघालाच आहे तर.

सूर्य उगवला असं पंचांगातल्या किंवा वेधशाळेच्या वेळेवरून म्हणतो, तेव्हा तो खरं तर क्षितिजाखालीच असतो. हवेतून येताना किरण वाकतात, म्हणून सूर्यबिंब सुमारे अर्ध्या अंशाने वर उचलल्यासारखं दिसतं. त्याच्या आधीचा जो उजेड, त्याला इंग्रजीत ट्वायलाइट. 'ट्वाय' म्हणजे दोन, 'टू'चाच भाऊ. दोन उजेडांमधला किंवा अर्धा उजेड, असा काहीतरी मूळ अर्थ. हा शब्द सकाळ-संध्याकाळ दोन्हीला चालतो, पण सिनेमा-कादंबऱ्यांनी त्याला संध्याकाळीच बांधून टाकलंय.

त्याचे तीन टप्पे करतात. सूर्य क्षितिजाखाली १८ अंशांवर आला की खगोलीय. तेव्हा आपल्या डोळ्यांना काही फरक कळत नाही, फक्त दुर्बिणीतले अंधूक तेजोमेघ विरायला लागतात. १२ अंशांवर नाविक. ६ अंशांवर नागरी, तेव्हा दिव्याशिवाय अंगणात वावरता येतं. आपलं 'झुंजूमुंजू' मी नाविक आणि नागरीच्या मध्ये कुठेतरी बसवीन, आणि 'फटफटलं' म्हणजे नागरी टप्पा चांगलाच पुढे सरकला.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. मुंबईत नागरी उजेड सुरू झाल्यापासून सूर्य वर यायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. लंडनला जूनमध्ये त्यालाच पाऊण तास लागतो, कारण तिथे सूर्य तिरका तिरका क्षितिजाला घासत वर येतो. मेच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत तर लंडनला पुरती काळी रात्र होतच नाही, सूर्य मध्यरात्रीही १८ अंशांच्या खाली जात नाही. अशा मुलखातल्या माणसाने 'डॉन ऑन मी' म्हटलं, तर त्यात हळूहळू, कळत-नकळत उजळत जाणं येणारच. आपल्याकडे सूर्य दार ढकलून आत येतो.

नानबा:
फटफटलं म्हणजे नागरी ट्वायलाइट. हे मी आता कायम लक्षात ठेवणार.

मुळामुठा:
खगोलवेडा, थिअरी गोड आहे पण मला पटत नाही. अज्ञान म्हणजे अंधार आणि ज्ञान म्हणजे उजेड हे 'तमसो मा ज्योतिर्गमय'मध्येही आहे, आणि बृहदारण्यक काही लंडनला रचलेलं नाही. ही उपमा जगभरची आहे, अक्षांशाचा संबंध काय?

खगोलवेडा:
उजेडाची उपमा जगभरची, मान्य. मी वेगाबद्दल बोलतोय. 'ज्योतिर्गमय'मध्ये अंधारातून थेट ज्योतीकडे नेलंय. मधला अर्धवट उजेड तिथे कुठे आहे? 'डॉन'मध्ये नेमका तो मधला भागच आहे. 'इट इज बिगिनिंग टु डॉन ऑन मी' असं म्हणतात ते उगाच नाही.

राईनकाठी:
जर्मनीतून खगोलवेडांना अनुमोदन. इथे 'एस डेमर्ट मिअर' म्हणतात, शब्दशः 'मला झुंजूमुंजू होतंय'. अर्थ: पुरतं कळलेलं नाही, पण संशय यायला लागलाय. गंमत म्हणजे 'डेमरुंग' हा एकच शब्द पहाटेला आणि तिन्हीसांजेलाही. कुठली ते सांगायला पुढे 'मॉर्गन' किंवा 'आबेंड' लावायचं. ऑफिसात एखाद्याच्या चेहऱ्यावर डेमरुंग दिसली की मी विचारते, येणारी की जाणारी?

पहाटेच्या करड्या उजेडाला इथे 'मॉर्गनग्राउएन' म्हणतात. 'ग्राउ' म्हणजे करडा रंग. आणि 'ग्राउएन' नावाचा दुसरा एक शब्द आहे, त्याचा अर्थ थरकाप. दोघांचं मूळ वेगळं, पण डिसेंबरात सकाळी आठला अंधारात ट्रामची वाट बघताना एकच वाटतात.

पंतोजी:
शिकवणीवाल्या ताई, तुमची मुलं अर्थाला चुकली तरी व्याकरणाच्या फार जवळ पोचली आहेत. अर्धा मार्क द्याच.

'उजाडलं' या वाक्यात कर्ता कोण? कोणीच नाही. शाळेत भावकर्तरी प्रयोगाची उदाहरणं आठवा: उजाडले, सांजावले, गडगडते, मळमळते. क्रियेचा भाव हाच कर्ता, बाहेरून कर्ता आणायची गरज नाही. इंग्रजीला कर्त्याशिवाय करमत नाही, म्हणून तिने त्या जागी 'इट' नावाचं बुजगावणं उभं केलं. इट रेन्स, इट डॉन्स. कोण बरसतं, कोण उजाडतं असं विचारायची सोय नाही.

आता 'इट डॉन्ड ऑन मी' बघा. यात 'मी' काहीच करत नाही. माणूस आपला बसलाय आणि त्याच्यावर उजेड पडतोय. मराठीतही कळण्याच्या क्रियेत माणसाला कर्तेपण मिळत नाही: मला कळलं, मला उमगलं, मला सुचलं, माझ्या ध्यानात आलं. जुन्या इंग्रजीतही हा प्रकार भरपूर होता. शेक्सपिअर वाचताना 'मीथिंक्स' भेटतं ना, ते 'आय थिंक'चं बोबडं रूप नव्हे. त्यातलं क्रियापदच वेगळं आहे, 'वाटणे' या अर्थाचं, आणि 'मी' चतुर्थीत आहे. म्हणजे ते तंतोतंत आपलं 'मला वाटतं'. पुढे इंग्रजी बदलली, 'आय थिंक, आय नो, आय अंडरस्टँड' असा सगळीकडे 'आय' पुढे घुसला. 'डॉन ऑन मी', 'स्ट्रक मी', 'अकर्ड टु मी' ही जुन्या घराच्या घाटणीची नवी दारं-खिडक्या म्हणायची.

म्हणून भाषांतर करताना 'त्याला जाणीव झाली' वगैरे जड करू नका. 'तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं.' त्या 'तेव्हा कुठे'मध्ये डॉनचा सगळा उशीर येतो.

मुळामुठा:
आणि 'मी समजलो' काय मग? तिथे माणूस चांगला कर्ता आहे.

पंतोजी:
आहे, आणि म्हणूनच अर्थ सरकतो. 'मला समजलं' म्हणजे गोष्ट माझ्यापर्यंत आली. 'मी समजलो' म्हणजे काय समजायचं ते मी समजलो, पुढे बोलू नका. दुसऱ्यात थोडी गुर्मी आहे. आणि 'मी तुला शहाणा समजलो' इथे तर चक्क माझाच अंदाज.

मुळामुठा:
समजलो.

वऱ्हाडी_ठेचा:
😄 आमच्याकडे तं सिद्दं म्हंतात, 'आता उजाडलं काय तुयं?' दहा वाजता उठनाऱ्यालेबी तेच अन् चार डाव सांगून समजनाऱ्यालेबी तेच. वेगळा शब्द पाह्यजेच कायले?

कोकणकडा:
आणि 'काय उजेड पाडलास!' हे राहिलंच. इंग्रजीत 'शेड लाइट' केलं की माणूस विद्वान. आमच्यात उजेड पाडला की घरात बोलणी बसतात. त्याच वाक्प्रचाराचं शब्दशः भाषांतर करून वर्तमानपत्रांनी 'विषयावर प्रकाश टाकला' आणला, तो मात्र सभ्य. सत्कार समारंभात प्रत्येक वक्ता जीवनपटावर प्रकाश टाकून जातो, आणि तरी सभागृहात डुलक्याच चालू असतात.

माडाची_सावली:
गोव्यातून नमस्कार. 'एपिफनी' कोणीच काढला नाही?

मूळ ग्रीक, अर्थ प्रकट होणे, दर्शन देणे. ख्रिस्ती पंचांगात ६ जानेवारीचा सण, पूर्वेकडचे तीन ज्ञानी ताऱ्याच्या मागोमाग येऊन बाळ येशूला भेटले तो दिवस. मांडवीच्या तीरावर पणजीच्या समोर रेइश मागुश किल्ला आणि चर्च आहे, ते नावच पोर्तुगीजमध्ये 'तीन ज्ञानी राजे'. तिथे त्या दिवशी फेस्त असतं. कासावलीला तर तीन मुलगे राजांचा पोशाख करून, मुकुट घालून घोड्यावरून टेकडीवरच्या कपेलाला जातात. ऊन डोक्यावर, जरीचा झगा, आणि घोडा भलतीकडे तोंड करून उभा. लहानपणी मला त्या राजांपेक्षा घोडा धरून चालणाऱ्याची जास्त काळजी वाटायची.

तर आमच्यासाठी एपिफनी म्हणजे हे. इंग्रजी साहित्यात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जेम्स जॉइसने तो शब्द उचलला आणि साध्या प्रसंगात अचानक सगळं लख्ख दिसण्याला लावला. आता तर कॉफी पिताना नोकरी सोडावीशी वाटली तरी लोकांना एपिफनी होते.

वाचनवेडी:
आपल्याकडे तिथे 'साक्षात्कार' आहे, आणि त्याचीही तीच गत झाली. "साक्षात्कार झाला वाटतं?" हे आमच्या घरात फक्त कुत्सितपणेच म्हणतात.

माडाची_सावली:
तसंच 'अपोकॅलिप्स'. ग्रीकमध्ये अर्थ नुसता 'झाकण काढणे'. बायबलच्या शेवटच्या पुस्तकाचं ते नाव, त्याला इंग्रजीत 'रेव्हिलेशन', म्हणजे बुरखा मागे सारणे. मराठी बायबलात 'प्रकटीकरण', अगदी चपखल. पण त्या पुस्तकात जगाच्या अंताची भयंकर वर्णनं असल्यामुळे शब्दाचा अर्थच विनाश होऊन बसला. झाकण काढायला गेले आणि जग बुडालं.

दर्यावर्दी_रत्नांग्री:
मर्चंट नेव्हीत होतो, आता घरी आंब्याची कलमं बघतो. खगोलवेडा यांनी नाविक ट्वायलाइट नुसतं सांगून सोडलं, त्याला नाविक का म्हणतात ते राहिलं.

सेक्स्टंटने ताऱ्याची उंची मोजायची तर दोन गोष्टी एकाच वेळी दिसायला हव्यात, तारा आणि क्षितिजाची रेघ. मध्यरात्री तारे हवे तेवढे, पण खाली पाणी आणि आभाळ एकच काळं. दिवसा क्षितिज स्वच्छ, पण तारे नाहीत. दोन्ही मिळतात ती मधली थोडी मिनिटंच. तेवढ्यात ब्रिजच्या, म्हणजे जहाज चालवतात त्या खोलीच्या, विंगवर उभं राहून चार-पाच तारे घ्यायचे, एकाने सेक्स्टंट धरायचा, दुसऱ्याने क्रोनोमीटरवरची वेळ लिहायची. कुठले तारे कुठे असणार ते आधीच काढून ठेवावं लागतं, नाहीतर शोधता शोधता फटफटतं. जीपीएस आल्यावर नवीन पोरांना हे शिकायचा कंटाळा.

आणि कळण्याचा एक शब्द आमच्याकडून घ्या: 'फॅदम'. फॅदम म्हणजे वाव. दोन्ही हात पसरले की या टोकापासून त्या टोकापर्यंत, सहा फूट. कोकणात खोली अजून वावातच सांगतात, 'पाच वाव पाणी आहे'. इंग्रजीत 'आय कान्ट फॅदम इट' म्हणजे मला थांग लागत नाही. मूळ जुन्या इंग्रजीत अर्थ पसरलेले हात, कवेत घेणे.

नानबा:
काका, हे भारी! आणि 'वाव मिळणे'मधला वाव हाच का?

दर्यावर्दी_रत्नांग्री:
ते पंतोजींना विचार. मी पाण्यापुरता.

फौजी_निवृत्त:
दोन ओळी. लष्करात पहाट नसते, 'फर्स्ट लाइट' असतो. आणि त्याच्या आधी 'स्टँड-टू': सगळे जण मोर्चावर, हत्यार हातात, डोळे समोर. ब्रिटिशांच्या खंदकांतली पद्धत, पहिल्या महायुद्धापासून पक्की झालेली. कारण साधं आहे, हल्ला करणाऱ्याला अंधारात जवळ यायचं असतं आणि उजेडात लढायचं असतं. त्यामुळे डॉन म्हटलं की कविता वगैरे आम्हाला सुचत नाही.

वाचनवेडी:
याच वेळेच्या काळजीला जुन्या इंग्रजीत एक शब्द आहे. 'उह्त' म्हणजे रात्रीचा शेवटचा प्रहर, उजाडायच्या आधीचा. 'उह्तचेआरे' म्हणजे त्या वेळी जाग येऊन मनाला लागणारा घोर. एक्झेटरच्या कॅथीड्रलमध्ये हजार वर्षांपूर्वीचं हस्तलिखित आहे, त्यात नवऱ्यापासून ताटातूट झालेल्या एका बाईच्या तोंडी तो येतो, आणि बाकी कुठेच सापडत नाही. तिला काळजी असते की माझा धनी कुठल्या मुलखात असेल. एकाच बाईने एकदाच वापरलेला शब्द! आता इंटरनेटवर तो 'चार वाजताच्या झोपमोडीचा शब्द' म्हणून फिरत असतो.

रामप्रहर, साखरझोप, काकडआरती. आपल्या शब्दांत त्या वेळेला सगळं कसं गोड-गोड. घोर लागणारी पहाट आपल्या शब्दात का नाही?

फौजी_निवृत्त:
ओव्या ऐका. जात्यावर बसायची वेळ तीच होती.

शिकवणीवाली:
फौजीकाका, पटलं.

बरं, दुसरी बाजू मागे पडतेय. 'क्लिअर', 'क्लू', 'एक्सप्लेन', 'ऑब्व्हियस' यांच्यावर कोणीतरी लिहा ना.

पंतोजी:
'क्लू' घेतो, कारण तो याच ठिकाणी शोभतो. 'क्लू' हा मुळात 'क्ल्यू' असा लिहायचे आणि त्याचा अर्थ सुताचा गुंडा. ग्रीक कथेतला थीसियस भुलभुलैयात शिरतो तेव्हा अरियाड्नी त्याला गुंडा देते. दाराशी टोक बांधून सूत सोडत आत जायचं, राक्षस मारायचा आणि त्याच सुताने माघारी यायचं. त्या कथेवरून गुंड्याचा अर्थ वाट दाखवणारी खूण असा झाला, आणि पुढे गुप्तहेरांनी तो पळवला. आपल्या पोलिसांना कुठलीही ग्रीक कथा न वाचता 'महत्त्वाचे धागेदोरे' मिळतात.

'एक्सप्लेन' म्हणजे सपाट करणे, 'प्लेन'वाला. 'एक्स्प्लिकेट' म्हणजे घडी मोडणे, हा आपला 'उलगडा'. 'ऑब्व्हियस' म्हणजे वाटेत आडवं येणारं. व्हिया म्हणजे रस्ता. 'अकर' म्हणजे समोरून धावत येऊन भेटणं. म्हणजे लॅटिनवाल्यांना कळण्यासाठी उजेड लागत नव्हता, रस्त्यावर माणसं भेटावीत तशा त्यांना गोष्टी भेटत होत्या.

'स्पष्ट'ही बघा. संस्कृत 'स्पश्' म्हणजे पाहणे, त्याचं ते रूप. 'स्पश' म्हणजे हेर. इंग्रजी 'स्पाय' फिरून फिरून त्याच घराण्यात जातो.

सुगरण_नाही:
'क्लिअर' मी घेते, कारण शब्दकोशात बघितल्यावर मला माझं तूप आठवलं.

लॅटिन 'क्लारुस' आधी आवाजासाठी होता, खणखणीत, दुरून ऐकू येणारा. हाक मारण्याच्या धातूपासून आलेला. मग उजेडासाठी, मग पाण्यासाठी आणि शेवटी विचारासाठी. 'क्लॅरिफाइड बटर' हे त्याच घरातलं. (शेफ लोक भांडतात की तूप म्हणजे क्लॅरिफाइड बटर नव्हे. बरोबर आहे त्यांचं. ते लोक लोणी वितळलं, पाणी उडालं की पांढरी साय काढून टाकतात. आपण बेरी तांबूस होईपर्यंत कढवतो. वास तिथेच आहे.)

लोणी कढत असतं तेव्हा आधी नुसता फेस आणि गढूळपणा, तळ दिसत नाही. आणि आवाज केवढा! तडतड, चुरचुर. तो पाण्याचा आवाज. पाणी संपत येतं तसा आवाज बारीक होतो, मोठे बुडबुडे जाऊन बारीक फेस येतो आणि एकदम पातेल्याचा तळ दिसायला लागतो, बेरीच्या कणाकणासकट. माझी सासू ओट्याकडे पाठ करून भाजी निवडत असायची आणि आवाजावरून सांगायची, "गॅस बंद कर." क्लारुस आधी कानाचा आणि मग डोळ्याचा, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

नानबा:
भूक लागली. मेतकूट-भात आणि हे तूप.

ट्रॅफिकजाम:
'द पेनी ड्रॉप्ड' कसं विसरलात सगळे? इंग्लंडात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी नाणं टाकून चालणारी यंत्रं आली, पोस्टकार्डं, चॉकलेटं, वजनकाटे. नाणं मध्येच अडकायचं. थोपटलं की खाली पडून खट् वाजायचं आणि मग यंत्र जागं व्हायचं. मुंबईच्या लोकल स्टेशनांवरचे वजनकाटे आठवा, लाल-पिवळे दिवे फिरणारे. नाणं टाकायचं, चाक थांबायची वाट बघायची, मग खट् करून तिकीट. मागच्या बाजूला भविष्य. अमक्या नटाचं चित्र आणि खाली 'आपण मनाने उदार आहात'.

मराठीत त्या जागी ट्यूब पेटते. चोक आणि स्टार्टरवाली जुनी ट्यूब, आधी दोन्ही टोकांना लालसर, मग फडफड, मग पेटली. उशिरा कळणाऱ्याला तर ट्यूबलाइट हे नावच पडलं. माझ्या भाच्याला हे सांगितलं तर म्हणे, "ट्यूबलाइट तर लगेच लागते." त्याने जन्मात एलईडीच पाहिलीय.

वऱ्हाडी_ठेचा:
म्हंजे दहा वर्षानं 'ट्यूबलाइट' म्हनजे हुशार मानूस?

मुळामुठा:
खगोलवेडांच्या वेगाच्या मुद्द्याला आता मी अर्धी मान डोलावतो. इंग्रजीत खरंच वेगाप्रमाणे शब्द पडलेत. डॉन आणि सिंक इन हळूहळूचे. क्लिक, पेनी, फ्लॅश, स्ट्राइक एका क्षणाचे. 'सिंक इन' तर बहुतेक वाईट बातमीचा, ती पाण्यात बुडाल्यासारखी आत जायला वेळ घेते. 'ट्विग्ड' नावाचाही एक आहे, ब्रिटिश बोलीतला, तो बहुधा आयरिश भाषेतल्या 'समजणे' या क्रियापदावरून आलाय. डहाळीशी संबंध नाही.

पण मोठ्या शब्दाचं काय? 'एनलाइटनमेंट'. जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७८४ मध्ये निबंध लिहिला तो 'आउफक्लेरुंग'वर, त्यात 'क्लार' आहे, सुगरण_नाही यांच्या तुपातलाच. राईनकाठी, हवामान निवळण्यालाही हाच शब्द ना?

राईनकाठी:
हो, ढग जाऊन आभाळ स्वच्छ होतं तेव्हा 'एस क्लेर्ट झिश आउफ'. आणि पोलिसांनी गुन्हा उघडकीला आणला तरी 'आउफक्लेरुंग'. लैंगिक शिक्षणालाही हाच शब्द, त्यामुळे कांट शिकताना वर्गात खसखस पिकते.

मुळामुठा:
आणि मराठीने त्याला केलं 'प्रबोधन'. उजेड नाही, ढग नाही, जाग येणं. प्रबोधिनी एकादशीचंच प्रबोधन. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी १९२१ मध्ये पाक्षिकाला हे नाव दिलं तेव्हा रोख झोपलेल्यांवर होता, अंधारावर नाही. मला हा फरक मोठा वाटतो. अंधारात बसलेल्या माणसाचा दोष नसतो, कोणीतरी दिवा आणावा लागतो. झोपलेल्याला मात्र हलवता येतं, आणि झोपेचं सोंग घेतलं असेल तर ओरडताही येतं. म्हणून आपलं प्रबोधनाचं वाङ्मय एवढं खरमरीत.

वाचनवेडी:
+१. आणि अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या बोलीतून आलेला 'वोक' तोच. जागा झालेला.

पंतोजी:
मुळामुठा, तुम्हाला आज एपिफनी झाली.

मुळामुठा:
साक्षात्कार म्हणा. कुत्सितपणे.

चष्मेबहाद्दर:
उशिरा आलोय. उषा राहिली का? ऋग्वेदात उषेची वीसेक सूक्तं आहेत. ग्रीकांची इओस, रोमनांची ऑरोरा आणि आपली उषा एकाच मूळ शब्दाच्या लेकी. इंग्रजी 'ईस्ट' त्याच घरातला, जिथे उजाडतं ती दिशा. 'ईस्टर'सुद्धा. बीड नावाच्या भिक्षूने आठव्या शतकात लिहून ठेवलंय की ते एओस्त्रे नावाच्या देवीच्या महिन्यावरून आलं. त्या देवीबद्दल लिहिणारा तो एकटाच, पण शब्दाचं मूळ पहाटेकडेच जातं.

फसवा भाऊ म्हणजे 'डे'. तो 'दिवस'चा नातलग वाटतो, पण नाही. 'दिवस'चा सख्खा लॅटिन 'डिएस'. 'डे' बहुधा 'दह्'कडचा, जळणारा.

आणि पहाटेचा उद्याशी संबंध बघा. इंग्रजी 'टुमॉरो'मध्ये 'मॉर्निंग'चा 'मॉरो' आहे. जुन्या मराठी पत्रांतून 'उदईक' येतं, म्हणजे उद्या. आणि आपला 'काल', हिंदीचा 'कल' हे दोघे संस्कृत 'कल्य'वरून आले, म्हणजे पहाट. हिंदीने ती पहाट मागे-पुढे दोन्हीकडे लावली, आपण फक्त मागे.

नानबा:
आणि मॅटिनी? तो पण पहाटेचाच ना, फ्रेंच 'मातँ'?

चष्मेबहाद्दर:
हो, मूळ अर्थ सकाळ. युरोपात मॅटिनी म्हणजे दुपारचा खेळ झाला. आपल्याकडे सकाळचा जुन्या पिक्चरचा स्वस्तातला खेळ म्हणजे मॅटिनी, त्यामुळे कॉलेज बुडवणाऱ्या पिढ्यांनी नकळत फ्रेंच शुद्ध ठेवलं.

शिकवणीवाली:
एक शेवटचं विचारते. 'फॉल्स डॉन' म्हणजे फसलेली आशा, हे कोशात आहे. पण खोटी पहाट अशी खरोखर काही असते का, की नुसता अलंकार?

खगोलवेडा:
खरोखर असते, ताई. राशीचक्राचा प्रकाश म्हणतात त्याला. ग्रहांच्या कक्षांच्या पातळीत बारीक धूळ पसरलेली आहे, बरीचशी धूमकेतूंनी सांडलेली. सूर्याचा उजेड तिच्यावरून परततो. खरी पहाट सुरू व्हायच्या आधी पूर्वेला क्षितिजापासून वर चढत गेलेला, तिरका, निमुळता, दुधी पट्टा दिसतो. आकाशगंगेपेक्षाही मऊ. थोड्या वेळाने खरा उजेड आडवा पसरत येतो आणि हा त्यात विरतो. क्वीन बँडचा गिटारवाला ब्रायन मे याची २००७ ची पीएचडी याच धुळीवर आहे.

मुसलमानांत या दोघांना वेगळी नावं आहेत, सुबह काजिब आणि सुबह सादिक, खोटी आणि खरी. रोज्याची सहरी थांबते ती खऱ्या पहाटेला, उभ्या पट्ट्याला नाही. त्यामुळे हा फरक ओळखणं शेकडो वर्षं रोजच्या कामाचं होतं.

बघायची असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पहाटा सगळ्यात चांगल्या, तेव्हा पट्टा क्षितिजावर बराच उभा असतो. चंद्र नको, पूर्वेला शहर नको. आपल्याकडे सप्टेंबरात ढग असतात, म्हणून मी ऑक्टोबरची अमावास्या धरतो. सूर्योदयाच्या दीड-दोन तास आधी डोळे अंधाराला सरावलेले हवेत, म्हणजे मोबाइल खिशात.

नानबा:
मोबाइल खिशात? मग आम्ही इथे लिहिणार कसं?
पण येतो. जागा सांगा, थर्मास माझा.

वऱ्हाडी_ठेचा:
ठेचा माह्या. पन उठवनार कोन? माय तं दहाले उजाडते.

खगोलवेडा:
जागा पुण्याच्या आणि नगरच्या उजेडापासून लांब हवी, पश्चिमेला डोंगर असला तरी चालेल, पूर्व मोकळी पाहिजे. वेगळा धागा काढतो, तिथे नावं द्या.